प्रश्न समजत नाही

आकारिक मूल्यमापन म्हणजे पोरगं शिकताना कुठं अडतं ते रोज बघायचं, परीक्षेची वाट बघत बसायचं नाही, असं प्रशिक्षणात सांगतात. मीही मान डोलावते. मग शाळेत येऊन सातवीच्या सगळ्या पोरांच्या, सगळ्या विषयांच्या नोंदी लिहायला बसले की जीव नकोसा होतो. व्हॉट्सॲपवर तयार वाक्यांची यादी फिरत असते. कोण नव्यानं वाक्यं जुळवत बसणार? मी त्यातलीच उचलते. वीस वर्षं इंग्रजी शिकवून माझी मान आणि हौस दोन्ही आखडल्यात.

कोळीवाड्यातली एक मुलगी होती. तोंडी कामाला मी माशाचं चित्रकार्ड धरायची आणि विचारायची, ‘व्हॉट इज धिस?’ बाकीची पोरं एका सुरात ‘फिश’ म्हणून मोकळी. ही कार्डाकडे टक लावून गप्प. तीनदा असंच झालं. मग मी यादीतलं वाक्य उतरवलं, ‘प्रश्न समजत नाही’, आणि तेच प्रगतिपुस्तकात गेलं.

चार दिवसांनी तिची आई आली, सुकटीची पाटी दाराबाहेर ठेवून. आमची शाळा सातवीपर्यंतच. आठवीला रिक्षानं रेवदंड्याला जावं लागतं.

“बाई, पोरीला प्रश्नच समजत न्हाय तर पुढं धाडून काय करू? माझ्यासंगं सुकट निवडंल.”

“असं कोण म्हणालं तुम्हाला?”

“तुमीच लिवलंय. मला कुठं वाचता येतं? तिनंच वाचून दावलं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःबद्दलचं ते वाक्य पोरीनं आईला वाचून दाखवलं होतं, एक अक्षर न बदलता.

मी मुलीला बोलावलं, तेच कार्ड काढलं. पुन्हा गप्प. या वेळी मात्र मराठीत विचारलं, “अगं, बोलत का नाहीस?”

“बाई, कंचा मासा तेच कलत न्हाय. अंग पापलेटाचं, मिशा शिंगाल्याच्या. असा मासाच न्हाय.”

आईनं पुढं होऊन कार्ड निरखलं. “व्हय की. खोटा मासा हाय ह्यो.”

“हे इंग्रजीत सांगशील?”

तिनं कार्डावर बोट ठेवलं. “धिस इज नॉट फिश.”

अख्ख्या वर्गात प्रश्न खरा समजला होता तो हिलाच. आणि एवढं विचारायला मला वर्षभर सवड झाली नव्हती. मी प्रगतिपुस्तकातली नोंद खोडली आणि यादीत नसलेली लिहिली: ‘प्रश्न नीट समजतो. विचार करून उत्तर देते. आठवीला पाठवावं.’

“वाच,” मी म्हटलं. तिनं आईला वाचून दाखवलं.

“धाडते,” आई म्हणाली. पाटी डोक्यावर घेता घेता वळली. “मंग पयलं लिवलेलं खोटं व्हतं?”

“व्हय,” मी म्हटलं.

मुलगी माझ्याकडे बघत होती, त्या कार्डाकडे बघायची तशीच.