पडक्या गावात घर पाहिलं

धाकट्या लेकीसाठी मुलाचं घर पाहायला मी स्वतः गेले होते. आमच्या घराण्यात त्याआधी कोणी बाई घर पाहायला गेलेली नाही. आणि मी पाहिलं त्या घराला छप्पर नव्हतं, दारं नव्हती, तिथली माणसं मरून दोन हजार वर्षं होत आली होती. आपण घर पाहायला आलो आहोत, हे मला अर्ध्या वाटेपर्यंत माहीतही नव्हतं.

आमचं गाव एकोडी, साकोलीकडचं. धानाची शेती. आमच्याकडे मुलीचं जमत आलं की पुरुषमंडळी मुलाचं घर पाहायला जातात. अंगणात खाटेवर बसतात. विहिरीत डोकावतात, बैलांच्या पाठीवर हात फिरवतात, बांधावरून चक्कर मारतात, शेताला आपली बोडी आहे का, म्हणजे पाणी साठवायचं लहान तळं, ते विचारतात. शेवटी गडव्यातून, म्हणजे लहान तांब्यातून, पाणी येतं. घर मनात बसलं नसेल तर गडवा हातात घेऊन तसाच खाली ठेवायचा आणि म्हणायचं, "तहान नाही जी." पाणी प्यायलं की झालं. त्यानंतर कोणी शब्द फिरवत नाही.

थोरलीच्या वेळी तिचे बाबा, माझे भासरे म्हणजे त्यांचे मोठे भाऊ, आणि माझा भाऊ असे तिघे गेले होते. परत आल्यावर भासऱ्यांनी बैठकीत सांगितलं की विहिरीला बाराही महिने पाणी आहे, जोडी तगडी आहे, आम्ही पाणी पिऊन आलो. मी दारामागे उभी राहून ऐकत होते. विहीर चुलीपासून किती लांब आहे, धूर बाहेर जातो का, संडास आहे का, एवढं मला विचारायचं होतं. विचारलं नाही. भासऱ्यांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. अनोळखी माणसासमोर तर माझा आवाज आजही निघत नाही. थोरली पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिला न्हाऊ घालताना दिसलं, डोक्यावर घागरीखालच्या चुंबळीच्या जागचे केस घासून विरळ झाले होते. विहिरीला पाणी होतं हे खरंच होतं. ती शेतात होती आणि घर गावाच्या दुसऱ्या टोकाला.

धाकटी शिकत गेली. भंडाऱ्याला, मग नागपूरला, मग रोमला. तिथे औषधं तपासतात त्या ठिकाणी तिला नोकरी लागली. तिचे बाबा तोवर गेले होते. दर रविवारी ती फोनमध्ये तोंड दाखवायची. भासऱ्यांनी तिच्यासाठी बपेऱ्याचं एक स्थळ मनात धरलं होतं. लोक चांगले होते. पोरगी सुट्टीत आली की उरकून टाकू, असं ते जाऊबाईंजवळ बोलायचे आणि जाऊबाई मला सांगायच्या. मी फोनवर मुलीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, आधी तू इकडं ये. मग पाहू."

तिनं तिकीट काढलं. कसं बसले, कसं उतरले ते लिहीत नाही, सगळा वेळ डोळे मिटूनच होते. जाताना कुरड्या नेल्या आणि भंडाऱ्याच्या बाजारातून तिच्यासाठी एक पितळेचा गडवा घेऊन गेले.

तिथे आठवडाभर मी घरातच होते. एका सकाळी ती म्हणाली, आज जुनं गाव पाहायला जाऊ. नदीच्या मुखाशी असलेलं, जहाजं लागायची ते. गर्दीत तुला जमत नाही, म्हणून फक्त आपल्या दोघींना दाखवायला एक माणूस सांगून ठेवला आहे. मी विचारलं, एवढा खर्च कशाला? तर म्हणे ओळखीचा आहे.

बाहेर जायचं म्हटल्यावर मी सकाळपासून पाणी प्यायले नाही. परक्या गावात संडास कुठे शोधायचा, कोणाला विचारायचं, या भीतीनं मी साकोलीच्या बाजाराला जातानाही पीत नाही. मुलीला हे माहीत आहे. तिनं बाटली पुढे केली, मी नको म्हटलं.

छोट्या आगगाडीनं गेलो. तो माणूस स्टेशनबाहेर उभा होता. तिशीतला, सडपातळ, कुरळ्या केसांचा, पाठीवर पिशवी. मला पाहून त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि हात जोडले. वाट दाखवणाऱ्याला सगळ्या देशांचे नमस्कार येत असतील, असं मला वाटलं.

गाव म्हणजे लाल विटांच्या भिंतीच भिंती. मधून मोठ्या काळ्या दगडांचा रस्ता, त्यात गाडीच्या चाकांनी पाडलेल्या खाचा. दोन्ही बाजूंना छत्रीसारखी वाढलेली झाडं. तो थोडं बोलायचा आणि थांबायचा. मुलगी ते आमच्या बोलीत मला सांगायची. तिचं सांगून होईपर्यंत तो पुढचं बोलायचा नाही. उंच दगड आला की वळून बघायचा. हात धरायला आला नाही, पण मी उतरेपर्यंत तिथेच उभा राहायचा.

पूर्वी नदी गावाला लागून वाहत होती, असं त्यानं सांगितलं. एका मोठ्या पुरात तिनं पात्र बदललं आणि ती लांब गेली. समुद्रही गाळानं मागे सरला. मग गावाचं काही काम उरलं नाही. मला कारध्याच्या पुलावरून दिसते ती वैनगंगा आठवली. ती एवढी लांब गेली तर भंडाऱ्याचं काय होईल, असा विचार करत मी चालत होते.

एका ठिकाणी काळ्या दगडाची जाती होती, उभ्या माणसाएवढी. ती गाढवं फिरवायची म्हणे. मी मुलीला म्हटलं, "दळण गाढवं करून राहिली होती, तं बाया काय करून राहिल्या होत्या?"

तिनं त्याला विचारलं. त्यानं डोकं खाजवलं आणि सांगितलं की ते फारसं कोणी लिहून ठेवलेलं नाही.

पुढे एका खोलीत भिंतीला लागून लांब दगडी ओटा होता, त्याला ओळीनं भोकं. मला कळेना. तो सांगू लागला आणि मध्येच थांबला. त्याचे कान लाल झाले. मुलीला काहीतरी पुटपुटून तो बाहेर गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मुलगी म्हणाली, "आई, संडास हाय हा. सारे एका ओळीत बसत अन् गप्पा मारत." मी पदर तोंडाला लावून इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. तो मात्र बोलावल्याशिवाय आत आला नाही.

ऊन चढलं होतं. त्यानंतर आम्ही एका जुन्या खानावळीत गेलो. दारातच दगडी ओटा, त्यामागे फळ्यांसारख्या दगडी पायऱ्या, भिंतीवर फळांचं फिकट चित्र, मागे लहानसं अंगण आणि बसायला दगड. तिथे माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी बसले. मुलगी जवळ येऊन बसेल असं वाटलं, पण ती भिंतीपाशीच उभी राहिली. तो पिशवी घेऊन नळाकडे पळाला आणि पाणी घेऊन आला. गुडघ्यावर बसून त्यानं दोन्ही हातांनी पाणी माझ्यासमोर धरलं. मी घेतलं, वरून धार धरली आणि सगळं संपवलं.

मग माझं लक्ष हातातल्या भांड्याकडे गेलं. मी आणलेला गडवा होता तो.

मुलगी रडत होती. येऊन माझ्या पायाशी बसली आणि म्हणाली, "आई, तू पाणी पेलीस."

मी म्हटलं, "तहान लागली होती ना माय."

तिचा चेहरा उतरला. ती त्याच्याकडे पाहीना आणि माझ्याकडेही पाहीना. तेव्हा मला सगळं कळलं. एकच माणूस का, ओळखीचा का, गडवा त्याच्या पिशवीत कसा आला. ती माझीच लेक. तोंडानं बोलायला तिला जमलं नव्हतं, म्हणून तिनं आमची रीत इथे मांडली होती. आणि मला समजून मी प्यायले, असं तिला वाटलं होतं.

तो आमच्या दोघींकडे पाहत तसाच गुडघ्यावर होता. काहीतरी बिनसलं एवढं त्याला समजलं होतं.

परका माणूस, परका धर्म, पोरगी कायमची लांब. भासरे काय म्हणतील, बपेऱ्याच्या लोकांना काय सांगायचं, हेही आलं मनात. पण पुन्हा पुन्हा आठवत होतं ते थोरलीचं डोकं. घर पाहणाऱ्यांनी जे विचारलं नाही ते विचारायला आज मी तिथे होते. मला कोणी अडवलेलं नव्हतं. नको म्हणायचं असेल तर तेही विचारून म्हणावं.

मी मुलीला म्हटलं, "याले इचार, याच्या घरी चुलीपासून पाणी किती दूर हाय."

ती डोळे पुसत हसली आणि तिनं विचारलं. तो लगेच उठला. आधी विचार केला, मग त्या खानावळीच्या ओट्याजवळ जाऊन उभा राहिला. ही शेगडी, म्हणून एका दगडावर हात ठेवला. दुसरा हात लांब केला आणि बोटांनी नळ फिरवून दाखवला. एका हाताचं अंतर. मग तिथेच त्यानं पूर्ण घर दाखवलं. ही खिडकी, धूर इकडून जातो. हा जिना, तिसरा मजला. ही आईची खुर्ची, तिचे गुडघे दुखतात, म्हणून स्वयंपाक बहुतेक तोच करतो. पडक्या भिंतींमध्ये तो स्वतःच्या घरात फिरावं तसा फिरत होता. जिथे दार आहे म्हणाला तिथूनच आत-बाहेर करत होता, भिंत आहे म्हणाला तिथे थांबत होता.

संडासाचं माझ्याच्यानं विचारवलं नाही. मुलीनं आपणच विचारलं. तो पुन्हा लाल झाला आणि काय म्हणाला ते तिनं मला सांगितलं. "एकच हाय म्हणते, अन् त्याले दार हाय."

मग मी लेकीकडे बोट दाखवून शेवटचं विचारलं. "अन् हे कुठं बसन?"

तो थबकला. खिडकीजवळची जागा त्यानं मघाशी स्वतःची म्हणून दाखवली होती. तिथे जाऊन तो उभा राहिला, आजूबाजूला पाहिलं आणि बाजूला सरला. तिथलं ऊन त्या मोकळ्या जागेवर पडलं होतं.

मी गडवा त्याच्यापुढे केला. त्यानं तो धावत जाऊन भरून आणला. या वेळी मला तहान नव्हती. पोट भरलेलं होतं तरी मी प्यायले, हळूहळू, दोघांना दिसेल असं.

परत आले तेव्हा एकोडीत धानाची रोवणी आटोपली होती. दुसऱ्या दिवशी भासरे बैठकीत बसले, माझा भाऊही आला होता. मी नेहमीसारखी दारामागे. भासरे माझ्याशी थेट बोलत नाहीत. ते जाऊबाईंना म्हणाले, "इचारा बरं त्यायले, बपेऱ्याच्या पाहुण्यायले कवा बोलवाचं."

मी उंबऱ्यावर आले. पदर डोक्यावर होता, एका हातानं चौकट धरून ठेवली.

"मी घर पाहून आली," मी म्हटलं. "पाणी पेली तिथं."

भावानं मान खाली घातली. भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, जाऊबाईंकडेच पाहत राहिले. तिकडचा मुलगा, तिकडचेच लोक, एवढं मी सांगितलं. मग भासऱ्यांनी विचारलं, "विहीर हाय का?"

"विहीर नाही. नळ हाय."

ते उठले, चपला घातल्या आणि बोडीकडे गेले. जेवायला आले नाहीत. जाऊबाईंनी त्यांचं ताट झाकून ठेवलं. मी भांडी घासली, पण काय घासते आहे ते कळत नव्हतं. दिवे लागायच्या सुमाराला ते आले, पाय धुतले आणि अंगणातूनच माझ्या भावाला म्हणाले, "बपेऱ्याले फोन लाव. पोरीच्या घरचं पाणी झालं म्हणा आमचं."

मग ताट मागितलं.

मी आत पीठ मळत होते. जाऊबाई वाढून आल्या आणि माझ्याजवळ बसल्या. या घरात आम्ही दोघी पुढेमागे सून म्हणून आलो, बोडीच्या काठानं घागरी वाहून दोघींच्याही माना आखडलेल्या आहेत. त्यांनी दाराकडे एकदा पाहून घेतलं.

"काहो, नळ कुठं हाय तिचा? अंगणात?"

मी पिठाचा एक हात चुलीवर धरला आणि दुसरा लांब केला, त्यानं केला होता तसा.

जाऊबाईंनी माझा हात पाहिला. मग आपला हात लांब करून पाहिला.

"एवढंच?" त्या म्हणाल्या.