हिरवा झेंडा ओळखणारा कुत्रा

कुत्रा मी प्रेमापोटी आणला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण कुत्र्यांवर लिहिणारे हल्ली पहिल्याच ओळीत गहिवरतात आणि मला ते सहन होत नाही. मी झाशीत मालगाडीचा गार्ड होतो आणि मला भीती वाटायला लागली होती, एवढंच.

मालगाडीच्या शेवटी ब्रेकव्हॅन नावाचा एक खोका असायचा. त्यात गार्ड एकटा. पुढे मालाच्या चाळीस वाघिणी, त्यांच्याही पुढे इंजिन, म्हणजे बोलायला माणूस अर्धा मैल लांब. सवारी गाड्यांना वाट देण्यासाठी आम्हाला कुठल्याशा आडस्टेशनावर बाजूच्या रुळावर उभं करायचे आणि विसरून जायचे. चार चार तास. बुंदेलखंडातलं ऊन, खडक आणि मी. एकदा भर दुपारी दोघंजण डब्यात चढले, माझं घड्याळ काढून घेतलं, डबा खाल्ला, आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून एक मुस्कटात मारून गेले. वरिष्ठांना सांगितलं तर म्हणाले, "जिंदा हो ना? फिर क्या." बायको भुसावळला तिच्या आईकडे होती. झाशीचा उन्हाळा आणि माझा स्वभाव दोन्ही एकदम सोसवणार नाही असं सांगून ती गेली होती. तिचं काही चुकलं नव्हतं.

तेव्हा कुणीतरी सांगितलं की लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याजवळ एक निवृत्त मास्तरीण राहतात, मराठीच आहेत, टाकून दिलेली कुत्री सांभाळतात. सगळा मोहल्ला त्यांना बहनजी म्हणायचा. मीही म्हणू लागलो.

बहनजींनी मला दारातच उभं केलं. त्यांचं घराणं सात पिढ्या झाशीतलं, पूर्वजांकडे इथल्या देवळाची पूजा होती. आम्ही रेल्वेतले मराठी त्यांच्या लेखी काल आलेले, परवा जाणारे.

"रेल्वेवाले ना आपण? मग नाही मिळायचा."

"का?"

"तो बसलाय ना पडवीत, तांबडा, तो तुमच्यातल्याच एकाचा. बदली झाली, सामान ट्रकमध्ये गेलं, आणि याला क्वार्टरच्या फाटकाला बांधून सोडून गेले. पूरे तीन दिन. पाण्याचा थेंब नाही. मी सोडवून आणला तेव्हा मलाच चावला." त्यांनी मनगटावरचा वण दाखवला, एखादा दागिना दाखवावा तसा.

मी म्हणालो, मला हाच हवा. चावणाराच हवा होता. बहनजींनी मला आणखी तीन वेळा हेलपाटे घालायला लावले. माझा पगार विचारला नाही, जात विचारली नाही, फक्त ड्यूटीचं वेळापत्रक विचारलं. गाडीत बरोबर नेणार असं ऐकल्यावर जरा नरमल्या. मग म्हणाल्या, "एकच अट. याला बांधायचं नाही आणि मागे सोडायचं नाही. एकदा झालंय ते त्याच्याबरोबर. दुबारा झालं तर तो जगेल, पण कुत्रा राहणार नाही."

मी हो म्हणालो. हो म्हणायला काय जातं!

प्रेमनगरात माझी भाड्याची खोली होती. घरमालक पहिल्याच दिवशी अंगणात येऊन उभा राहिला. "काए भैया, जौ कुत्ता कबलौं राखहौ?" मी म्हणालो, तुम्ही भाडं घेणं कधी थांबवणार ते सांगा, मग सांगतो. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. शेजारणी तो जिन्यात बसला की पाणी फेकायच्या. तो माझ्यावरही गुरगुरायचा. मी भाकरी टाकायचो, तो मी लांब जाईपर्यंत तोंड लावत नसे. मला हे पसंत होतं. दोघांनाही एकमेकांची गरज होती, लाड नको होते.

त्याला नाव दिलं नाही. लोक विचारायचे, तेव्हा मी म्हणायचो, हा स्टाफ आहे. नावाऐवजी मी त्याला झेंडा शिकवला. गाडी निघायच्या आधी गार्ड शिट्टी मारतो आणि ड्रायव्हरला हिरवा झेंडा हलवून दाखवतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. गाडी उभी असली की हा खाली उतरून झुडपांत हिंडायचा. मी झेंडा हलवला की कुठेही असला तरी पळत येऊन पायरीवर उडी मारायचा. पहिल्या आठवड्यात भाकरीच्या तुकड्यावर, पुढे तुकड्याशिवाय. दोन महिन्यांत तो इतका तयार झाला की शिट्टीचीसुद्धा गरज उरली नाही. मी रनिंग रूममध्ये, म्हणजे आमच्या मुक्कामाच्या जागी, सगळ्यांना ऐकवायचो की नव्या गार्डांपेक्षा माझ्या कुत्र्याला नियम जास्त कळतात. ती गंमत नव्हती. मला खरंच तसं वाटायचं. रेल्वेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला वाटतंच की हिरवा म्हणजे चल आणि लाल म्हणजे थांब हे साऱ्या सृष्टीला ठाऊक आहे. लाल झेंडा मी त्याला कधी दाखवून पाहिलाच नाही.

गाडीत तो बरा होता. दाराशी बसायचा. कुणी डब्याजवळ आलं की दात दाखवायचा, आणि ते लोक उगाचच सिग्नलकडे बघत निघून जायचे. जवळपास वर्षभर माझ्या वाटेला कुणी गेलं नाही. ते वर्ष माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं होतं, आणि ते मी त्याला एकदाही सांगितलं नाही.

मग कुणीतरी अर्ज केला. घरमालकानं की एखाद्या सहकाऱ्यानं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी दोघांनाही सारख्याच शिव्या दिल्या. गार्ड ब्रेकव्हॅनमध्ये कुत्रा नेतो, अशी तक्रार होती, म्हणून एक इन्स्पेक्टर माझ्या गाडीबरोबर येणार असं ठरलं. सकाळी दहाची गाडी होती. एकाच दिवसाचा प्रश्न आहे, असं मी स्वतःला समजावलं. बहनजींकडे सोडता आला असता. पण त्यांच्यापुढे जाऊन, मला याला मागे ठेवायचंय, असं म्हणायची माझी छाती झाली नाही. मी त्याला अंगणातल्या कडुनिंबाला काथ्याच्या दोरीनं बांधलं. पाणी ठेवलं, भाकरी ठेवली. तो ओरडला नाही. नुसता माझ्याकडे पाहत राहिला आणि मी मागे न बघता गेलो.

इन्स्पेक्टर ब्रेकव्हॅनमध्ये माझ्या बाकावर, माझ्या जागी बसला होता. मी झेंडा दाखवला, गाडी हलली. यार्डातून आम्ही माणसाच्या चालीनं बाहेर पडत होतो तेव्हा तो मला दिसला. रुळांमधून येत होता, गळ्यात दोरीचा तोडलेला तुकडा लोंबत होता.

इथे मला जे सांगायचं आहे ते मी आजवर कुणाला पूर्ण सांगितलेलं नाही. माझ्या हाताशी ब्रेक होता. गार्डच्या डब्यातून गाडी थांबवता येते, तेवढ्यासाठीच तर तो डबा असतो. किंवा लाल झेंडा बाहेर काढून धरला असता तर ड्रायव्हरनं थांबवली असती. पण कुत्र्यासाठी गाडी थांबवली हे इन्स्पेक्टरच्या वहीत गेलं असतं. म्हणून मी लाल झेंडा काढला आणि तो दुसऱ्या बाजूनं, खाली, ड्रायव्हरला दिसणार नाही असा धरला. फक्त कुत्र्याला दिसावा म्हणून. थांब, असं मी त्याला सांगत होतो. हलवूनसुद्धा दाखवला, गाढवासारखा.

त्यानं झेंडा हललेला पाहिला आणि तो जिवाच्या आकांतानं धावत सुटला. पायरीपर्यंत पोचला, उडी मारली, पुढचे पाय लागले, मागचे लागले नाहीत.

मग मी ब्रेक ओढला. जो आधी ओढायचा तो नंतर ओढला.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरनं मागचा उजवा पाय कापला. मी त्याला ब्रेकचं गाळून झेंड्याचं तेवढं सांगितलं, तर तो हात धुताधुता म्हणाला, "गार्ड साहब, कुत्ते को लाल-हरा एक जैसा दिखता है. इतना भी नहीं मालूम?" नव्हतं मालूम. मला डॉक्टरचा राग आला, इन्स्पेक्टरचा आला, अर्ज करणाऱ्याचा आला, आणि सगळ्यांचा येऊन गेल्यावर उरला तो माझा.

कुणाकडून तरी कळून बहनजी रिक्षातून आल्या. त्यांनी आधी कुत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बांधलं होतं?"

"नाही," मी म्हणालो.

टेबलाखाली तो दोरीचा तुकडा पडला होता. त्यांनी तो उचलला, घडी करून पिशवीत ठेवला आणि कुत्र्याला घेऊन गेल्या. काही बोलल्या असत्या तर मी भांडलो असतो, आणि मला भांडायचं होतं.

पुढे चार महिने मी दर सुट्टीला लक्ष्मी तालावर गेलो. बहनजी जाळीच्या दाराआडून सांगायच्या, "खातोय," किंवा, "आज नाही खाल्लं," आणि दार लावून घ्यायच्या. मला चार्जशीट मिळाली, तिचं उत्तर मी चार शिव्या कमी करून लिहिलं. ब्रेकव्हॅनमध्ये पुन्हा एकटा बसू लागलो. दुसरा कुत्रा आण असं लोक सुचवायचे, जणू घड्याळच हरवलं होतं.

एक दिवस मी ड्यूटीवरून परस्पर गेलो. त्या दिवशी बहनजींनी दार उघडलं. का, ते सांगितलं नाही. "या," एवढंच म्हणाल्या.

तो पडवीत पडला होता. मला बघून कान हलवले नाहीत. मग त्याची नजर माझ्या काखेत गेली. मी झेंडे तिथेच, गुंडाळून दाबून धरलेले. घरी ठेवायचे राहिले होते. तो धडपडत उठला, तीन पायांवर. अंग आखडून, मान पुढे काढून उभा राहिला. उडी मारायच्या तयारीत.

मला वाटलं होतं तो गुरगुरेल. गुरगुरला असता तर बरं झालं असतं.

मी झेंडे उंबऱ्याबाहेर ठेवले, आत येऊन खाली बसलो आणि हात पुढे केला. "ये," म्हणालो. आणखी काय म्हणणार? हाक मारायला नाव नव्हतं. "ये रे." तो माझ्या बाजूनं लंगडत गेला, उंबऱ्याशी बसला आणि बाहेर पडलेल्या झेंड्यांकडे बघत राहिला. कुणीतरी उचलेल म्हणून.

बहनजी नेहमीच्याच कडक आवाजात म्हणाल्या, "आता जा. आणि नीट जा. तुमच्या मागे येईल तो."

मी झेंडे उचलले, त्याच्याकडे पाठ करून शर्टाच्या आत खुपसले आणि सगळी बटणं लावली. मग गल्लीच्या टोकापर्यंत दोन्ही हात मोकळे सोडून चालत गेलो. तो मागे आला नाही.