गाडीचा रंग

साकीनाक्याच्या दुकानदाराने वॅक्सचा डबा उघडून पुढे केला आणि त्या गोडसर, तेलकट वासाने मी थेट मुलुंडला, आमच्या जुन्या सोसायटीत पोचले. रविवारची सकाळ होती. बाबा जुन्या बनियनने आमच्या आकाशी गाडीला वॅक्स लावत होते. "वाळू दे गं, हात नको लावूस," ते म्हणेपर्यंत माझा पंजा बॉनेटवर उमटला होता. आता ओरडणार म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी सगळी गाडी पुसून लख्ख केली, तेवढा पंजा मात्र राहिला. तेव्हा वाटलं, विसरले असतील. आता विचारायला ते नाहीत.

"मॅडम, फिक्या रंगाच्या गाडीसाठी वॅक्स वेगळं येतं. तुमच्या गाडीचा रंग कुठला?"

"आकाशी," मी म्हणाले.

बाहेर माझी लाल गाडी उभी होती.