करकोच्यांवरचे मतदान

माझ्या सासऱ्यांच्या तुकडीने त्या युद्धात शत्रूचे एकही विमान पाडले नाही, कारण शत्रूचे एकही विमान त्यांच्या बाजूला फिरकले नाही. इतके निर्विवाद यश क्वचितच कुणाच्या वाट्याला येते. परंतु त्यावर पुस्तक लिहायचे म्हटले की पंचाईत होते. ती सोडवण्यासाठी माझी निवड झाली. उमेदीची सगळी वर्षे मी एका सरकारी खात्यात प्रसिद्धिपत्रके लिहिली. त्यामुळे न घडलेले घडल्यासारखे मांडण्यात माझा हात बसला आहे, असा तुकडीतल्या निवृत्त मंडळींचा समज होता. तो चुकीचा होता, असे मला म्हणवत नाही.

लढाऊ विमानांचे नियंत्रण करणारी ही तुकडी. हे लोक स्वतः उडत नसत. वाळवंटाच्या कडेला, रडारच्या पडद्यासमोर बसून ते वरच्या वैमानिकाला कुठे वळायचे, किती चढायचे ते सांगत, आणि वैमानिक त्या आवाजावर विसंबून जाई. म्हणून त्यांच्यात एक कडक रीत होती: पडद्यावरचा ठिपका हरवला की त्याच क्षणी ‘हरवला’ म्हणायचे, अंदाजाने काही सांगायचे नाही. सासऱ्यांनी ही रीत संसारातही पाळली. जेवायला किती जण येणार, असे सासूबाईंनी विचारले की ‘दारात दिसल्यावर सांगतो’ हे ठरलेले उत्तर.

सगळ्या युद्धात एकदाच काही घडले. एका संध्याकाळी पडद्यावर संथ सरकणारे ठिपके उमटले, त्यांच्या रोखाने दोन विमाने धाडली गेली आणि ठिपके विरून गेले. सासऱ्यांनी रीतीप्रमाणे ‘हरवले’ म्हटले. वैमानिकांनी इंधन कमी असल्याचे कळवताच त्यांना परत बोलावले. मागे उभे असलेले वरिष्ठ ‘पुढे जाऊ द्या’ म्हणून ओरडतच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या तळ्यावर करकोच्यांचा भला मोठा थवा उतरलेला सर्वांनी पाहिला.

तेच वरिष्ठ आता तुकडीच्या इतिहास समितीचे अध्यक्ष आहेत. घराणे ग्वाल्हेरचे, बंगला आमच्याच शहरातल्या अरेरा कॉलोनीत. तिथे पोहे-जलेबीच्या साक्षीने मी समितीला माझा मसुदा वाचून दाखवला.

“जावईबापू, हे करकोचे काढा,” अध्यक्ष म्हणाले. “नातवंडं वाचतील. आजोबा चिडियांशी लढले, असं वाचायचं का त्यांनी?”

“लढलो कुठे? परत बोलावलं,” सासरे म्हणाले.

“तेच तर! तुम्ही परत बोलावलंत म्हणून तो निसटला.”

“कोण?”

“दुश्मन!”

“मिनीबसच्या वेगानं येणारा?”

अध्यक्षांनी उत्तर देण्याऐवजी करकोच्यांच्या जागी घालायचे आपले वाक्य वाचले: ‘नियंत्रकाच्या कचखाऊपणामुळे शत्रू निसटला.’ त्या संध्याकाळचा नियंत्रक कोण होता, हे पुस्तक वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असणार होते. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“लोकशाही आहे, भाई,” अध्यक्ष म्हणाले. “मतदान घेऊ.”

चार हात वर गेले. त्यातल्या एका सभासदांचा हात शत्रूसाठी वर गेला होता की जलेबीसाठी, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. मोजला मात्र गेला. अशा रीतीने, इतक्या वर्षांनी, करकोचे बहुमताने शत्रुपक्षात दाखल झाले.

मी हळू आवाजात म्हणालो, “हे माझ्याच्यानं लिहवणार नाही. मला मोकळं करा.” मसुदा उचलला आणि निघालो. फाटकापर्यंत मी स्वतःच्या नजरेत बराच उंच झालो होतो.

गाडीत सासरे म्हणाले, “छान केलंत.”

“खोटं कसं लिहू, बाबा?”

“तुम्ही नाही लिहिणार, दुसरा लिहील. त्याला काय माझं? तुमचे हात स्वच्छ राहिले आणि मी भित्रा म्हणून छापला जाणार. वर दोन पोरं इंधन संपत आलेली, आणि मी ‘मला मोकळं करा’ म्हणून खुर्चीवरून उठलो असतो, तर?”

आयुष्यात मी ज्यांना तत्त्वे म्हटले, त्यांतली किती अशी वेळेवर उठून जाण्याची सोय होती, हा विचार कोलार रोडपर्यंत सोबत आला. तिथून गाडी वळवली.

अध्यक्षांना आश्चर्य वाटले नाही. “या, या. रुसवा संपला?” म्हणाले. मी वाद घातला नाही, सौदा केला. ‘कचखाऊपणा’ गाळण्याच्या बदल्यात प्रस्तावनेत त्यांना ‘दूरदर्शी’ केले. ‘निसटला’साठी ‘निडर’ द्यावे लागले. करकोचे मात्र कोणत्याही विशेषणाच्या बदल्यात मिळेनात. हाती आले ते एवढेच: ‘अज्ञात लक्ष्य दिसेनासे होताच नियंत्रकाने विमाने परत बोलावली, दोन्ही सकुशल उतरली.’

पुस्तकाची छापील प्रत आली तेव्हा सासऱ्यांनी भिंग धरून ती ओळ वाचली.

“अज्ञात? सकाळी तर तळ्यावर बसलं होतं!”

“तेवढं जमलं नाही, बाबा.”

“पोरं उतरली, हे आहे ना?”

“आहे.”

“मग असू दे.”

त्यांनी प्रस्तावनेचे पान काढले आणि अध्यक्षांच्या निडरपणाविषयी मी लिहिलेला परिच्छेद माझ्या बायकोला मोठ्याने, ठासून वाचून दाखवायला सुरुवात केली. ती पदर तोंडाला लावून हसू लागली. मी उठून चहा टाकायला गेलो. तिथेही सगळे ऐकू येत होते.