ओल्या भिंतीची स्लाइड

लातूरच्या चित्रकला महाविद्यालयात शिवमूर्ती सर कलेचा इतिहास शिकवायचे, आणि त्यांच्या तासाला दुसऱ्या वर्गाची पोरंही मागं येऊन उभी राहायची. खिडक्यांना काळं कापड, समोर पांढरा पडदा, प्रोजेक्टरच्या घरघरीवर चढवलेला सरांचा आवाज. अजिंठा-वेरूळ ते भराभर उरकायचे. "ते दाखवायला सगळं जग हाय," म्हणायचे. त्यांचा जीव मठांच्या भिंतींत, बैलगाडीच्या रंगवलेल्या फळ्यांत, हॉटेलातल्या क्यालेंडरांत. आणि दर वर्षी पहिल्याच तासाला एक वाक्य ठरलेलं: "चित्र काय दाखवतंय ते कुणीबी बघतो, पोरांनो. चित्र काय लपवतंय ते बघा."

त्यांच्या सगळ्या स्लाइडींत एक लाडकी. उदगीरच्या पुढं, सीमेलगतच्या एका गावातल्या मठाची भिंत. व्यापाऱ्यांचा तांडा निघालाय, घोड्यांवर गोण्या लादल्यात, पुढं शंख फुंकणारा जंगम. गेरू, नीळ, हिरवा. रंग असे की आत्ताच कुंचला खाली ठेवलाय.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला आणि नव्या जिल्ह्याची स्मरणिका निघायची ठरली. मुखपृष्ठावर हीच भिंत, आणि कलेक्टर साहेब स्वतः मठ बघायला जाणार. सर हसले, मान डोलावली. घरी आल्यावर त्यांना जेवण गेलं नाही.

त्याच आठवड्यात तासाला ती स्लाइड लागली, तेव्हा उमरीहून आलेली पंचशीला उभी राहिली. एरवी तोंडातून शब्द न काढणारी पोर.

"सर, एक विचारू?"

"विचार की."

"खाली साल लिहिलंय त्र्याहत्तर. उन्हाळा."

"हाव. मोठा दुष्काळ तो."

"मग भिंतीखालची जमीन ओली कशी?"

मागून कुणीतरी ओरडलं, "अगं, घोडं मुतलं असंल!" सगळा वर्ग खदखदला. पंचशीला हसली नाही.

"कोपऱ्यात घागरीचा काठबी दिसून राहिला, सर. आन् खालच्या घोड्याचा पाय ओघळल्यासारखा वाटतोय. तुमीच म्हणला होता, लपवलेलं बघा."

"आदल्या दिवशी पाऊस झाला असंल," सर म्हणाले.

मागची पोरं एकमेकांकडं बघायला लागली. त्या वर्गातलं एकेक पोर दुष्काळात सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन वाढलेलं. तेव्हा पाऊस झाला नव्हता, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. सरांनी पुढची स्लाइड लावली, ती उलटी लागली.

खरं असं होतं. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात सर त्या मठात गेले, तेव्हा भिंत धुळीनं करडी झालेली, फोटोत काहीच उमटण्यासारखं नव्हतं. पण जुन्या भित्तिचित्रांच्या नकला उतरवणाऱ्यांची एक युक्ती त्यांना ठाऊक होती: भिंतीवर पाणी मारलं की विझलेले रंग घटकाभर उजळतात. डिंकात कालवलेला रंग पाण्यानं सुटतो, हेही ठाऊक होतं. मठात दिवाबत्ती करणाऱ्या शरणम्माला त्यांनी पाणी मागितलं.

"चित्र बघायला पाणी लागतंय व्हय?" ती म्हणाली.

"घटकाभरच, अक्का."

तिनं घागर आणली. सरांनी ओंजळीनं पाणी मारलं आणि भिंतीतून घोडे बाहेर आले. जमलेल्या माणसांनी आ वासला. पण वरची रांग कोरडीच राहिली. "आणखी एक घागर मिळंल?" सरांनी विचारलं. शरणम्मानं एकवार त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, मग दुसरी घागर आणून दिली. सामान आवरताना सरांना भिंतीवरून उतरणारा निळा ओघळ दिसला. ते काही बोलले नाहीत. त्या गावाला त्यानंतर आजवर फिरकले नव्हते.

कलेक्टरच्या आधी आपण जायला हवं, एवढंच आता त्यांना कळत होतं. रविवारी त्यांनी एसटी धरली.

मठाचे पंच मलप्पा दारातच भेटले. "शरणार्थ, सर! लई दिवसांनी. साहेब कधी येणार?"

आतली भिंत पांढरी पडली होती, खवले सुटलेले. एका घोड्याची पाठ तेवढी राहिली होती.

"चित्र कुठं गेलं?" सरांनी विचारलं, आणि आपण हे विचारतोय याचीच त्यांना किळस आली.

"त्या शरणम्मानं घात केला. घरचं गोडं पाणी ठेवलं लपवून, आन् तुमाला दिलं विहिरीच्या बुडाचं खारं. त्यानं भिंत खाल्ली. दिवाबत्ती काढून घेतली तिची तवाच. आता उंबऱ्यापस्तोर येती, डोकं टेकती, जाती." मलप्पा जवळ सरकले. "पर तुमी घोर करू नका. तुमच्याकडं फोटू हाय ना? त्याच्यावरनं पेंटर लावून नवं काढू. कलेक्टरला काय कळतंय!"

सरांच्या मनात आलं, होईल की. कुणालाच कळणार नाही.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. "सर आलेत म्हणं?" शरणम्मा उंबऱ्याबाहेर उभी. केस पिकलेले, हात जोडलेले. "सर, ते पाणी खारं होतं. मला म्हाईत होतं. नात तापानं फणफणली होती, गोडं तिच्यासाठी ठेवलं. तुमची माफी मागायची राहिली व्हती."

सरांना भिंतीचा आधार घ्यावासा वाटला, आणि त्या भिंतीला हात लावायची हिंमत झाली नाही.

"अक्का, पाणी गोडं असतं तरी चित्र गेलंच असतं."

"काय बोलून राहिले, सर?" मलप्पा कुजबुजले. "हळू. माणसं ऐकतेत."

"ऐकू द्या. पाण्यानं रंग सुटतो, हे मला तवाच ठावं होतं. तरी मागितलं. दोनदा मागितलं. हिची काही चूक न्हाई. नवं काही रंगवू नका, मलप्पा. भिंत कशी गेली ते कलेक्टरला मी सांगतो."

मठासमोरच्या पारावरची माणसं उठून दारापाशी आली. शरणम्मानं जोडलेले हात सोडले.

"मग इतकी वरसं सांगायला काय झालतं?"

भल्याभल्या चित्रांवर तासन्‌तास बोलणारे सर. त्यांना दोनच शब्द सापडले. "लाज वाटली."

"आन् मला काय वाटत होतं?"

शरणम्मानं त्यांच्या उत्तराची वाट पाहिली नाही. तिनं मलप्पांपुढं हात पसरला. "तेलाची बाटली दे."

मलप्पांनी इकडंतिकडं पाहिलं. दारातली माणसं शरणम्माला वाट करून देत होती. त्यांनी कोनाड्यातली बाटली काढून दिली.

ती आत आली. सर काहीतरी म्हणायला पुढं झाले, तशी ती थांबली.

"तुमी बाहेर थांबा, सर. मला दिवा लावायचाय."

सर बाहेर आले आणि चपलांपाशी उभे राहिले.