जर्मनच्या क्लासातले सत्कार

सत्कार म्हटला की शाल, श्रीफळ आणि एक किस्सा ठरलेला. शाल-श्रीफळ पाहुणा घरी नेतो, किस्सा आमच्याकडं राहतो. सांगलीत हळदीच्या दुकानावर कुलकर्णी बाईंचा जर्मनचा क्लास आहे, मी तिथं त्यांच्या हाताखाली शिकवतो. परदेशी भाषा शिकणाऱ्यांसाठी ज्यानं काही केलं, त्याचा बाई दरवर्षी सत्कार करतात. यंदाच्या सत्कारावर तर आमच्या क्लासातल्या वैशालीचं जर्मनीला जाणं अवलंबून होतं. ते शेवटी सांगतो.

* * *

पहिला मान नगरसेवकांचा. क्लासच्या जिन्यात दिवा त्यांनीच लावून दिलेला. "प्रत्येक पोरानं एक तरी परकी भाषा शिकलीच पाहिजे," असं ते दणकून बोलले.

जिना उतरताना मी सहज विचारलं, "साहेब, तुम्हाला कुठली येते?"

"आवं सर, मला कानडी येती. सासुरवाडी तिकडची. पण बायको रागावली की तीबी समजत न्हाई."

* * *

पुढच्या वर्षी दुकानाचे मालक अण्णा. वरची खोली त्यांनी क्लासला बिनभाड्यानं वापरायला दिलेली. अण्णा जैन, दिवस मावळायच्या आत जेवणार म्हणजे जेवणार. इकडं अध्यक्षांचं भाषण काही संपेना. अण्णा गळ्यातल्या हारासकट उठले.

"अध्यक्ष, तुमचं चालू द्या. मी जेवून येतो."

त्यांच्यामागनं निम्मा हॉल उठला!

मला एक कोडं होतं. अण्णांना जर्मनचं एवढं काय? शेवटी विचारलंच.

"मला काय कळतंय त्यातलं? दिवसभर खाली नुसते हळदीचे भाव. वर पोरं कायतरी वेगळंच घोकत्यात, ते ऐकून बरं वाटतं."

* * *

आता वैशाली. म्हसवडची पोरगी. नर्सिंग झालेलं, जर्मनची परीक्षा पास, तिकडच्या हॉस्पिटलात नोकरी पक्की. पण वडिलांचा, तात्यांचा, एकच शब्द, "न्हाई." तात्या आधी मेंढरांमागं हिंडलेले, आता डाळिंबाची बाग करतात. कारण विचारलं की बागेकडं चालू लागायचे.

बाईंनी डोकं लढवलं. यंदाचा सत्कार तात्यांचाच करायचा! 'लेकीला जर्मन शिकवणारे आदर्श पालक' असा फ्लेक्स थेट म्हसवडच्या स्टँडवर लावला. चारचौघांत फेटा बांधून घेतलेला माणूस मग नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

तात्या आले. मुकाट्यानं फेटा बांधून घेतला आणि माइकसमोर उभे राहिले.

"बाई, मला कशापायी बोलावलंय, ते ठावं हाय मला."

बाईंचा चेहराच उतरला. वैशाली खाली मान घालून बसलेली.

"तिकडच्या आजारी माणसानं हाक मारली, तर हिला कळंल. शिकलीया ती. पण हीच आजारी पडली, मी फोन केला आन् दुसऱ्याच कुणी उचलला, तर मी काय इचारू?"

 

तात्या बाईंकडं वळले. "माझी लेक बरी हाय का, हे त्यांच्यात कसं इचारायचं?"

बाईंनी सावकाश सांगितलं, "गेट एस माइनर टॉख्टर गूट?"

तात्यांनी म्हणून बघितलं. अडखळले. परत म्हटलं. समोरची पोरं हळूहळू त्यांच्याबरोबर म्हणायला लागली. वैशालीला तेवढं जमेना, तिला रडू आवरत नव्हतं.

सगळं वाक्य एका दमात नीट आलं, तसा तात्यांनी माइक बाईंच्या हातात दिला.

"आता जाऊ दे तिला."