ताई हाईत का?

फौजेच्या सिग्नल्समधून नाईक होऊन सुटलेला कृष्णात साळुंखे टेलिफोन खात्यात ऑपरेटर लागला, तेव्हा पाटणकडच्या त्याच्या गावानं हलगी लावून मिरवणूक काढली होती. नेमणूक मात्र झाली आटपाडीच्या वाटेवरच्या एका कोरड्या ठणठणीत बाजारगावात. तरी गडी खूश होता. एक्स्चेंज एका खोलीचं आणि बोर्डासमोरची खुर्ची त्याची. गावात कुणी फोनचं हँडल फिरवलं की बोर्डावर त्याच्या नंबराचं झाकण पडायचं, आणि कृष्णात खणखणीत आवाजात "बोला" म्हणायचा. त्या "बोला"वर तो स्वतःच फिदा होता.

त्याचा एक नेम होता. कुणालाही "न्हाई" म्हणायचं नाही. ऐकायला छान, पण बोर्डाला दोन नंबर जोडायच्या दोऱ्यांच्या जोड्या ठरावीक. एका बोलण्याला एक जोडी अडकायची. पुढची लाइन मोकळी असो वा नसो, कृष्णात दोरी खुपसून "देतो, देतो" म्हणत माणसाला लटकत ठेवायचा. बाजाराच्या दिवशी सगळ्या दोऱ्या असल्या लटकणाऱ्यांनीच खाल्लेल्या असत. मग नवी झाकणं पटापट पडत आणि त्यांना उत्तर द्यायला दोरीच नसे. शेवटी कावून तो एखादी दोरी उपटायचा, ती नेमकी भलत्याचीच निघायची. लोक शिव्या घालत, पण दुसरा होता कोण?

चौऱ्याहत्तर साली दुसरी आली. शालन, सांगलीकडच्या रामगोंडा पाटलांची मुलगी, जैन शेतकऱ्याच्या घरातली. तिची तऱ्हा उलटी. एक जोडी ती कायम मोकळी राखायची. बाकीच्या भरल्या की त्या राखलेल्या दोरीनं एवढंच सांगायची, "आत्ता जागा नाही. ठेवा. मी बोलवते." लगेच दोरी काढून घ्यायची. आणि जागा झाली की ज्याचा नंबर त्याला खरंच बोलवायची. कुणाचं जिवावरचं काम असलं तरच ती दोरी पुरती लावायची.

पहिल्या बाजाराला शेंगांचे व्यापारी जवाहरशेठ खवळले. "ही आमाला न्हाई म्हणती?" कृष्णातला त्या दिवशी जेवण गोड लागलं. पण पुढं तेच शेठ पेढ्यांचा पुडा घेऊन आले, सरळ शालनच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ताई न्हाई म्हणती, पर बोलवती." त्यातला एक पेढा कृष्णातला मिळाला. त्यानं तो खाल्ला, आणि खाल्ला याचा त्याला आठवडाभर राग येत राहिला.

तेव्हापासून त्याच्या "बोला"ला समोरून एकच उत्तर यायला लागलं, "ताई हाईत का?"

ते ऐकलं की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एवढ्या वर्षांचा आपला आवाज, आणि लोक त्याला दारावरचा शिपाई समजतात! घरी जावं तर बायको लीलाबाई. "आवं, शालनताई लय गुणाची पोरगी हाय." कृष्णात ताट सरकवून उठायचा.

लीलाबाईला दिवस गेले होते. आधीची दोन बाळं हाती लागली नव्हती, म्हणून यंदा तिला सांगलीच्या दवाखान्यात ठेवलं होतं. साहेब रजा द्यायला तयार होते. कृष्णातनंच घेतली नाही. आपण गेलो तर बाजाराच्या दिवशी खुर्चीवर ती बसणार, हे त्याला सहन होईना. "निरोप धाड, फोन हाय की," असं बायकोला सांगून तो परत आला होता.

पुढच्या बाजाराला खुर्ची त्याची होती. शालन बाजूच्या टेबलाशी बसली होती. आज हिला दाखवतोच, म्हणून कृष्णातनं पडेल त्या झाकणाला दोरी लावली. शेवटची राखलेली दोरीसुद्धा जवाहरशेठच्या नंबराला खुपसली.

"बघा. कुणाला न्हाई म्हणावं लागलं का?"

"एकही मोकळी ठेवली नाही?"

"मोकळी ठिवून काय तिची पूजा करायची?"

तेवढ्यात सांगलीच्या लाइनचं झाकण पडलं.

कृष्णातला वाटलं, लीलाचाच निरोप असेल. पण दोरी काढायची म्हणजे कुणाला तरी "न्हाई" म्हणायचं, आणि तेही हिच्यादेखत! त्याचा हात उचलेना. शालननं वाकून हेडफोन घेतला, "शेठ, ठेवा. मी बोलवते," म्हणाली, ती दोरी काढून सांगलीला लावली आणि हेडफोन त्याच्या हातात दिला.

"बोला."

लाइन खरखरत होती. "सांगलीवरनं नानासो बोलतोय. ताई हाईत का?"

कृष्णातच्या डोक्यात तिडीक गेली. "न्हाईत!" तो ओरडला. जन्मात कुणाला न म्हटलेला शब्द तोंडातून गेला, तोही धादांत खोटा.

"मग मागनं लावतो. दवाखान्यातनं बोलतोय, लीलाबाईंनी ताईंपाशीच निरोप द्या म्हणून सांगितलंय." आणि खट्.

परक्या माणसासमोर लीलाबाई नवऱ्याचं नाव कशी घेणार? ताईंचं घेतलं. कृष्णातनं घाईघाईनं सांगलीला घंटा मारली, पण तेवढ्यात तिथून त्या लाइनीवर दुसरंच बोलणं सोडलेलं होतं. तो उठून उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला. आजवर त्यानं तिला असं कधी म्हटलं नव्हतं. "दवाखान्यातनं हुता. लीलाचा निरोप."

शालननं त्याचं "न्हाईत" ऐकलं होतं. तिनं तो विषय काढला नाही. "लाइन भरलीय. सुटली की पहिली तुमची. बाकावर बसा. मी बोलवते."

फोन करायला आलेल्या गिऱ्हाइकांत कृष्णात बाकावर बसला. ती बोलावणार याची त्याला पक्की खात्री होती, आणि त्या खात्रीचाच त्याला सगळ्यात जास्त संताप आला.

तिनं बोलावलं. त्यानं हेडफोन कानाला लावून "बोला" म्हटलं.

"ताई हाईत का?"

मी तिचा नवरा, एवढंच सांगायचं होतं. पण मागच्या दोन्ही वाईट बातम्या त्यानं याच कानांनी ऐकल्या होत्या.

"हाईत," तो म्हणाला, आणि हेडफोन शालनला दिला.

शालन नुसती हं, हं करत होती. मग वळून म्हणाली, "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

कृष्णात तिथंच उकिडवा बसून ढसाढसा रडला. पेढे आणले, पहिला शालनच्या टेबलावर ठेवला. पण पुढं लेकीच्या लग्नापर्यंत लीलाबाई येईल त्याला कौतुकानं सांगायची, "हिची बातमी आदी ताईंना कळली बगा." आणि दर वेळी कृष्णात काहीतरी काम काढून बाहेर निघून जायचा.